बिनआरशाचं दुकान

त्या शिंप्याच्या दुकानात आरसा नव्हता. शिंप्याचं दुकान आणि आरसा नाही, हे ऐकून माणसं हसायची, पण नव्हता म्हणजे नव्हता. कपडे घालून बघायची छोटी खोली होती, तिला जाड पडदा होता, आत एक स्टूल आणि कोट अडकवायला खुंट्या होत्या, आणि जिथे आरसा लागायचा त्या जागी नुसती भिंत. शिंपी जरा तिरपागडाच होता. त्याचं म्हणणं असं, की आरसा दाखवला की गिऱ्हाईक कपडा बघतच नाही, तोंड बघतं; आणि तोंडात जे काय जन्मतः बिघडलंय त्याचा राग माझ्या शिवणीवर काढतं. एवढं बोलून वर ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ म्हणायचा आणि पुन्हा मशीनवर वाकायचा.

हातची काकणं म्हणजे त्याच्या दोन मुली. जुळ्या, आणि इतक्या एकसारख्या की आईने एकीला दोनदा भरवून दुसरीला उपाशी झोपवल्याचे किस्से घरात होते. आधी जन्मली ती थोरली, मागून आली ती धाकटी. मधलं अंतर दूध उतू जायला लागेल तेवढंच, पण थोरलीने त्याचं भांडवल पुरेपूर केलं. ताई म्हण मला, म्हणायची. धाकटी म्हणायची नाही. लाडीगोडी झाली, चिमटे झाले, रुसून जेवण टाकून झालं, तरी धाकटीच्या तोंडून ‘ताई’ काही निघालं नाही. एक उकळी आधी आलीस म्हणून काय मोठी झालीस, हे तिचं ठरलेलं उत्तर.

दुकानात आरशाचं काम या दोघी करायच्या. गिऱ्हाइणीचा कच्च्या टाक्यांतला झगा एकीने अंगात घालायचा, दुसरीने भोवती फिरून टाचण्या लावायच्या, आणि गिऱ्हाइणीने खुर्चीत बसून स्वतःचा झगा चालता-वळताना बघायचा. स्वतःचा कपडा शिवतानाही तसंच. आपलं माप आपल्याला धड घेता येत नाही, म्हणून बहिणीचं घ्यायचं. दोघींचं माप एकच. घरात आरसा नव्हताच. सकाळी दोघी समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींकडे बघून आपापला भांग पाडायच्या. एकीने उजवा हात उचलला की दुसरीचा डावा उठायचा, आणि कोण कोणाचं बघून करतंय हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

याच सवयीपायी एकदा गंमत झाली. धाकटी तापाने पडली म्हणून थोरली एकटीच आत्याकडे राहायला गेली. आत्याच्या कपाटाला उभा आरसा होता. थोरलीने तो बघितला आणि आनंदाने विचारलं, तू कधी आलीस? मग दुपारभर तिथे बसून राहिली, हातातलं बिस्किट मोडून अर्धं काचेला लावून धरलं. आत्याने ही गोष्ट पुढे ज्याला त्याला सांगितली. सगळे हसायचे. थोरली मात्र हसायची नाही, ती म्हणायची, ताप उतरला होता तिचा, मी बघितलं.

पुढे आई गेली, बाप थकला, आणि मुलींनी पंचविशी गाठली, तेव्हा एक यान निघालं. दूरच्या एका ताऱ्यापर्यंत जायचं, त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम. वेग मात्र अचाट, उजेडाच्या जवळपास. यानातल्या माणसांचे जाड पोशाख दुरुस्त करायला हाताने शिवणारं कोणी हवं होतं. दोघींनी परीक्षा दिली, दोघींचे टाके सारखेच निघाले. निवडणारे चक्रावले. एकच जागा आहे, म्हणाले. थोरली म्हणाली, मग मोठी जाईल. झालं. धाकटी बापाजवळ राहिली. निघायच्या दिवशी थोरलीच्या कोटाचं बटण तुटलं, आणि घाईत हाताला लागला तो निळा दोरा घेऊन धाकटीने ते लावून दिलं. कोट काळा, दोरा निळा. आल्यावर बदलू, म्हणाली.

दुकानात आवाज यायचा एक डबा बसवून दिला होता. महिन्याकाठी तिचा निरोप यायचा, मग दोन महिन्यांनी, मग आणखी उशिरा. आणि आवाज कसा, तर ओढलेला, जाड, बाईचा की बैलाचा कळू नये असा. बाप म्हणायचा, माझी पोर झोपेत बोलतेय. धाकटीने उलट निरोपात विचारलं, इतकी हळू का बोलतेस गं? त्याचं उत्तर यायला कितीतरी काळ गेला. थोरली त्या जाड, रांगत्या आवाजात म्हणत होती, हळू तू बोलतेस. मी नेहमीसारखीच बोलतेय. तुमच्याकडेच सगळं मंदावलंय, बाबांचा एक खोकला संपायला माझं जेवण होतं.

तशी वर्षांमागून वर्षं गेली. बाप त्या जाड आवाजाच्या वाटेकडे कान लावून लावून गेला. धाकटीने लग्न केलं नाही. का, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. दुकान एकटीने चालवलं, आरसा लावला नाही. गिऱ्हाईकं कुरकुरली, काही सोडून गेली, राहिली ती सवयीची झाली. स्वतः ती अंदाजाने भांग पाडायची. आपला चेहरा कसा झालाय हे तिला माहीत नव्हतं असं नाही, दुकानांच्या काचा असतात, चमचे असतात, पण तिने त्यावर कधी भरवसा ठेवला नाही. माझा चेहरा माझ्या बहिणीजवळ आहे, असं ती म्हणायची, आणि ते थट्टेत म्हणायची नाही.

मग अगदी शेवटी, धाकटी सत्तरीला टेकली तेव्हा, एकाएकी डब्यातला आवाज बदलला. चिमणीसारखा बारीक झाला, भराभर येऊ लागला, निरोपावर निरोप. येतेय, येतेय, येतेय. धाकटीला ते ऐकवेना. डब्यावर ती फडकं टाकून ठेवायची.

थोरली यायच्या आधी खात्याचा माणूस आला, म्हणजे यान पाठवणाऱ्या खात्याचा. नातेवाइकांना तयार करणं हेच त्याचं काम होतं, आणि माणूस सरळ होता. चहा घेत त्याने सांगितलं की त्या वेगात घड्याळ हळू चालतं. घड्याळच नाही, नाडी, भूक, नखं, सगळं. ज्याचं त्याला मात्र काही कळत नाही. तुमची इथे चाळिसावर वर्षं गेली, त्यांची दोन-एक गेली असतील. त्या तशाच दिसतील. धाकटी ऐकून घेत होती. मग तिने टेप गळ्यातून काढला आणि इतकी वर्षं आत कोंडलेलं विचारलं.

“ती म्हणते मी मंद झाले. मी म्हणते ती मंद झाली. तिच्या खिडकीतून बघितलं तर दुकानासकट लांब चालले ती मीच. दोघींचं सारखंच, मग म्हातारी मीच का?”

त्या माणसाने कप खाली ठेवला. हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, पण कोणी विचारत नाही, असं म्हणाला. जाताना खरंच दोघींचं सारखं होतं. तुम्हाला त्या हळू दिसल्या, त्यांना तुम्ही. दोघीही खोटं बोलत नव्हतात. येतानाही दोघींना आवाज भराभरच ऐकू आले. फरक एवढाच, की त्या वळल्या आणि तुम्ही वळला नाहीत. त्यांनी यान उलटं फिरवलं त्या क्षणापासून त्यांना तुमचा आवाज भराभर येऊ लागला, म्हणजे त्यांचा अर्धा प्रवास हळू आवाजात आणि अर्धा भराभर आवाजात गेला. तुम्हाला मात्र त्या वळल्या ही खबर इथवर पोचायलाच वर्षं लागली. तुमचा जवळजवळ सगळा काळ हळू आवाज ऐकण्यात गेला, भराभर आवाज आला तो आत्ता शेवटी.

धाकटीने मेजावर दोन टाचण्या खोचल्या. एकीपासून दुसरीपर्यंत एक दोरा सरळ ताणला, दुसरा बाजूच्या तिसऱ्या टाचणीला वळसा देऊन आणला. वळशाला दोरा जास्त लागतो, ती म्हणाली. तो म्हणाला, कापडावर हो. वेळेत नेमकं उलटं. जो सरळ बसून राहिला त्याला दोरा जास्त, वळसा घेऊन आला त्याला कमी. निघायची टाचणी दोघींची एक, भेटायची टाचणी एक, मधला दोरा वेगळा.

“म्हणजे लांब कड आणि आखूड कड, टोकाला टोक जुळवून शिवायच्या,” धाकटी म्हणाली. “मग लांब कडेला चुण्या पडतात.” आणि तिने आपल्या हाताच्या पाठीकडे बघितलं. तो माणूस चहा न संपवताच उठला.

कळलं सगळं. पण कळतं तेवढं वळत असतं तर काय हवं होतं! थोरलीसाठी नवा कोट शिवायचं धाकटीने ठरवलं. चांगलं लोकरीचं कापड काढलं, अस्तर निवडलं, आणि माप घ्यायला टेप उचलला तो आपल्याच छातीवर लावला. थोरलीचं माप म्हणजे आपलं माप. आयुष्यभर दुसरं केलंच नव्हतं. कापड कापलं, बाही मुंढ्याला बसवली, काजं केली, इस्त्री फिरवली, आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की आपली कंबर सुटली आहे, खांदे उतरले आहेत, पाठीला बाक आला आहे. तो कोट तिने पडद्याआडच्या खुंटीला अडकवून ठेवला.

थोरली आली ती भर दुपारी. रस्त्याच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, मग पावलं. धाकटीने मशीन थांबवलं. ती पावलं तिला पाठ होती, फक्त ती आता स्वतःच्या पायांतून येत नव्हती. दार उघडलं आणि दारात ती स्वतः उभी होती, सव्वीस-सत्तावीसची, काळ्या कोटात, निळ्या दोऱ्याने लावलेलं बटण अजून घट्ट. तो निळा दोरा धाकटी साफ विसरून गेली होती. थोरलीने तिच्याकडे बघितलं, ओळखीचं हसली, मग तिच्या खांद्यावरून मागे, दुकानाच्या आत बघितलं.

“धाकटी आत आहे का?” तिने विचारलं.

विचारलं आणि लगेच तिचा चेहरा उतरला. तिला सगळं सांगून आणलं होतं, तिनेही बहिणीचा आवाज येतायेता म्हातारा होताना ऐकला होता, चूक जिभेची होती. धावत येऊन तिने मिठी मारली. पण मिठी मारली ती जपून, काचेची बरणी उचलावी तशी. धाकटीला ते लागलं. प्रश्नापेक्षा ती जपलेली मिठी जास्त लागली.

नवा कोट थोरलीने अंगात घातला. तो तिच्यावर पिशवीसारखा लोंबला, खांदे ओघळले, आणि पाठीवर, जिथे धाकटीच्या पाठीचा बाक होता, तिथे एक पोकळ फुगा राहिला. कोणी तरी आधीपासून त्या कोटात होतं आणि थोरली त्याच्या जोडीला आत शिरली होती, असं दिसत होतं. काढ तो, मी उसवून देते, धाकटी घाईने म्हणाली. थोरली नको म्हणाली. बसेल अंगाला, म्हणाली.

धाकटीला एकच हवं होतं. तिला कौतुक नको होतं, दया तर नकोच होती. सकाळी थोरलीने समोर बसावं आणि तिच्याकडे बघून आपला भांग पाडावा, बस. म्हणजे चाळीस वर्षं गेली तर गेली, बहीण बहिणीला परत मिळाली. पहिल्या सकाळी दोघी बसल्या. थोरलीने कंगवा उचलला, समोर बघितलं, आणि हात तसाच राहिला. कुठे लावायचा तो तिला कळेना. उद्या बघू, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. धाकटी तोंडाने हसली आणि मोरीत नळ सोडून रडली.

एका संध्याकाळी थोरलीने विचारलं, बाबा गेले तेव्हा मी काय करत होते? जुळ्यांना एकमेकींचं दुखणं कळतं म्हणतात, मग मला काहीच कसं कळलं नाही? धाकटीने हेही खात्याच्या माणसाला आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, याला एकच एक उत्तर नाही. ‘त्याच वेळी’ हा शब्द इतक्या लांबवर चालत नाही. इथून मोजलं तर त्या जाण्याच्या वाटेवर होत्या, त्यांच्या यानातून मोजलं तर ती वर्षं वळण घेतानाच सरकून गेली. तुमच्या आयुष्याचा मधला मोठा तुकडा त्यांच्या हिशेबात त्या एका वळणात आहे. धाकटीने ते तसंच्या तसं थोरलीला सांगितलं. थोरली म्हणाली, म्हणजे मी मान वळवली आणि तेवढ्यात तू म्हातारी झालीस.

त्यानंतरच्या सकाळी तिने भांग पाडला.

धाकटीच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते, भांग रुंद पडायचा, मागे लिंबाएवढा अंबाडा. थोरलीने समोर बघत बघत आपले दाट केस तसेच घट्ट ओढले, तसाच अंबाडा बांधला, इतका आवळून की कपाळाची कातडी ताणली. धाकटीला इतका आनंद झाला की तिला उठताच येईना. त्या दिवशी ती मशीनवर गुणगुणत होती. आजूबाजूच्यांनाही दिसलं, म्हातारीला पालवी फुटली म्हणाले.

पण आरसा अर्धाच कामाला लागत नाही, एकदा लागला की सगळं दाखवतो. थोरली उठताना गुडघ्यावर हात टेकू लागली. सुईत दोरा ओवताना डोळे बारीक करून सुई लांब धरू लागली, आणि मग एक दिवस म्हणाली, ओवून दे गं, दिसत नाही. जिना चढताना मध्येच थांबायची. कोट आता तिला बसू लागला. पाठीवरचा तो पोकळ फुगा भरून आला होता, कारण तिची पाठ वाकली होती. शाळेत शिकवणारी एक जुनी गिऱ्हाईक आली, थोरलीला चालताना बघून बावरली आणि पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाली, पोरगी आजारी आहे का हो? दाखवा कुणाला तरी. धाकटीने तिला फाडकन सांगितलं, आमच्या घरचं आम्ही बघू, तुमचा झगा परवा मिळेल. बाई गेली ती झगा न्यायलाही आली नाही, नोकराला पाठवलं.

धाकटीला कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण हवं ते पदरात पडलं की माणूस कसं पडलं ते विचारत नाही.

एका दुपारी थोरली बराच वेळ दिसेना. पडद्याआडून कसलासा खसखस आवाज येत होता. धाकटीने पडदा सारला. थोरली स्टुलावर बसून मापं आखायचा पांढरा खडू कानशिलांवरून केसांत घासत होती. केस पांढरे झाले होते, खांद्यांवर भुगा पडला होता, कोटावरही. समोर भिंत होती. भिंतीकडे बघत ती घासत होती.

“आता झालं बरोबर,” ती वळून म्हणाली. “नाही का?”

आवाज धाकटीचा होता. त्या आवाजातली खरखरसुद्धा धाकटीची होती. धाकटी भ्याली, आणि त्या भीतीच्या खाली, लाज वाटावी असा, तोच आनंद होता. ती मशीनवर येऊन बसली. थोरली बाहेर आली आणि नेहमीच्या जागी, तिच्याकडे पाठ करून, काजं करायला बसली. धाकटीचा कान खाजला. तिने उजवा हात उचलला. पाठमोऱ्या थोरलीचा डावा हात उठला आणि कानाशी गेला.

धाकटीने हात खाली घेतला. तोही गेला. तिने मान कलती केली. पाठमोरी मान कलली. मग धाकटीला खोकला आला, तिला हल्ली छातीतून यायचा तसा, दम खाऊन खाऊन, डोळ्यांत पाणी आणणारा. आणि तिकडे ती सत्तावीस वर्षांची पोर छाती धरून तशीच खोकू लागली, एकाही खोकल्याचा फरक नाही. दोघींचा एकदमच थांबला. तेव्हा धाकटीला जे सुचलं ते सुचू नये असंच होतं. डॉक्टरने तिला छातीचं फार दिवस चालणार नाही असं सांगून ठेवलं होतं. मी गेले, की ही काय करेल? आरसा काय करतो?

ती तडक उठून सुताराकडे गेली.

सुतार बापाच्या वेळेपासूनचा. आरसा हवाय, उभा, माणूसभर उंचीचा, असं ऐकून तो हसला. बापाचा आत्मा तळमळेल म्हणाला. तळमळू दे, धाकटी म्हणाली, त्याला आता दुसरं काम काय आहे. सुताराने आरसा आणला, त्या कोऱ्या भिंतीवर बसवला, चौकटीला खिळे मारले. तो ठोकत होता तेवढा वेळ थोरली बाहेर खुर्चीत वाकून बसली होती आणि प्रत्येक ठोक्याला दोघींचे डोळे मिटत होते. तो गेल्यावर धाकटीने पडदा पुरता बाजूला सारला. तिला भीती वाटत होती. थोरलीने स्वतःला बघून किंकाळी फोडली तर, मला का फसवलंस म्हणाली तर, हे सगळं तिने मनात घोळवून ठेवलं होतं. रागावली तर रागावू दे. माझ्यावर चिडून का होईना, सरळ उभी राहू दे.

“आत ये,” ती म्हणाली. “काय आहे बघ.”

थोरली गुडघ्यावर हात टेकत उठली, पाय ओढत आत गेली, आणि काचेसमोर थांबली. धाकटी चौकटीबाहेर श्वास धरून उभी होती. मग थोरलीचा हात उठला. यावेळी तो धाकटीच्या हातामागून उठला नव्हता. धाकटीचे दोन्ही हात पदराचं टोक घट्ट धरून होते. थोरलीने बाहीने कानशिलावरचा खडू पुसला. अंबाड्याच्या पिना एक-एक काढल्या. केस सुटले. पाठ सरळ झाली, इतकी की कोटात पुन्हा तो पोकळ फुगा आला. ती काचेच्या अगदी जवळ गेली, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते धाकटीने चाळीस वर्षं वाट बघून बघून मनात रेखलेलं होतं, हुबेहूब तेच.

“अगं, होतीस कुठे तू?” थोरली म्हणाली. आवाज तरणाताठा होता. “मी आल्या दिवशी दारातच तुझ्याबद्दल विचारलं.”

धाकटी पुढे झाली. मी आहे ना, मी इथे आहे, असं म्हणायला तोंड उघडलं. पुढे झाल्यामुळे तिचा खांदा आणि अर्धा चेहरा काचेत आला. थोरलीची नजर काचेतूनच तिच्यावर गेली. नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. चांगल्या वागणाऱ्या, पण मध्येच आलेल्या माणसाकडे बघतात तशी ती नजर होती.

“ताई,” ती अदबीने म्हणाली, “जरा पडदा ओढून घेता का? आम्हाला दोघींना बोलायचंय.”

धाकटी मागे सरली, काचेत आपण दिसणार नाही एवढी. मग तिने पडदा ओढून घेतला. मशीनवर येऊन बसली, चष्मा पुसला, थोरलीने येताना घातलेला तो जुना काळा कोट मांडीवर घेतला आणि बटणाचा निळा दोरा कापून काळा ओवायला लागली. आतून कुजबुज येत होती, मग हसणं आलं. दोघींचं. त्यातलं एक धाकटीने ओळखलं. खोकला लागायच्या आधी ती स्वतः तशी हसायची.